पहाटेचं पाणी: एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या दोन वर्षांचा अभिप्राय

या उन्हाळ्यात शेवटचा पेपर दिला. जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, दोन वर्षं. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या दोन मुलींनी गेल्या आठवड्यात फोन करून विचारलं, "ताई, हे घ्यावं का?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. कॉलेजचं नाव देत नाही. माझी तक्रार तिथल्या माणसांविषयी नाही, वेळापत्रकाविषयी आहे.

आधी मी कुठून आले ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं घर धीवरांचं. बाबा मच्छीमार सोसायटीचे सभासद, आणि गावचा मामा तलाव सोसायटीकडे ठेक्याने आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव राहिले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत, आणि त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधलेले, नवेगावबांधचा मोठा तलावसुद्धा. आमच्याकडे धानाला पाणी तलावाचं, मासळी तलावाची, शिंगाडा तलावाचा, गुरं तलावावर. लहानपणी मला वाटायचं, जगात कुठेही गाव असलं की त्याच्या वरच्या अंगाला तलाव असणारच.

त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला फळ्यावर तळं आलं तेव्हा अंगावर काटा आला. परिसंस्था शिकवताना पहिलं उदाहरण तळ्याचंच असतं. ऊन, शेवाळ, त्यावर जगणारे बारीक जीव, त्यांना खाणारे मासे, आणि तळाशी सगळं कुजवणारे जिवाणू, असे बाण काढत काढत सरांनी फळा भरला. मी वहीत प्रत्येक बाणाशेजारी आमच्या माशांची नावं लिहिली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पण पुस्तकातली तळी थंड मुलुखातली. हिवाळ्यात वर बर्फ धरतो, वसंतात आणि शरदात पाणी खालीवर होतं, हे आम्ही पाठ केलं आणि परीक्षेत आकृतीसकट लिहिलं. आमचा तलाव भर पावसाळ्यात पुरुषभर खोल, मे महिन्यात मधोमध बैलगाडी जाईल इतका आटतो, त्यावर दोन वर्षांत एकही तास झाला नाही. गाळ, बेशरमीची झुडपं, धानाच्या बांध्यांतून येणारा युरिया, ठेका, निस्तार हक्क म्हणजे गावकऱ्यांचा वापराचा परंपरागत हक्क, यातलं काहीच अभ्यासक्रमात नव्हतं. बेशरमीचं शास्त्रीय नाव मात्र मला त्या वर्गातच कळलं, आयपोमिया कार्निया, आणि ती मूळची अमेरिका खंडातली हेही.

जंगलाचा भाग चांगला होता. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या जंगलात दोरी बांधून १० मीटर बाय १० मीटरचे चौकोन आखले, झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजला, ऐन, धावडा, तेंदू, मोह अशी एकेक नोंद केली. चार दिवसांत हात सरावला. वर्गातल्या बऱ्याच जणांना वाघच हवा होता आणि मोजणीचा त्यांना कंटाळा यायचा. वाघासाठीच हा कोर्स घेणार असाल तर आधी हे समजून घ्या, की नव्वद टक्के काम टेप, वही आणि तक्ता हेच आहे. मला ते काम आवडलं.

आता वेळापत्रकाचं. पाण्याच्या प्रात्यक्षिकासाठी आम्हाला गावाजवळच्या एका तलावावर नेलं. कॉलेजची बस दहाला निघायची, अकरा-साडेअकराला काठावर. बाटल्या भरायच्या, तापमान घ्यायचं, पारदर्शकतेची तबकडी पाण्यात सोडायची, दीडला परत. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दर वेळी उत्तम. सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकच निष्कर्ष, तलाव निरोगी आहे. मीही तेच लिहिलं आणि दहापैकी नऊ मिळाले.

सुट्टीत ते जर्नल बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "दुपारचं पानी काहून मोजता माय? मासोरी मरते त सकारीच मरते."

मी अकरावीत असताना आमच्या तलावातली मासळी एका रात्रीत मेली होती. भाद्रपद होता. चार दिवस आभाळ भरून होतं, पाऊस नव्हता, वारा इतका बंद की पान हलत नव्हतं. पाचव्या दिवशी पहाटे बाबा गेले तर काठाला रोहू आणि कतला पांढरे पोट वर करून पडलेले. सोसायटीने उधारीवर आणून सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वाढून विकायला आली होती. शेजारच्या टोलीवरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका घराचं सोसायटीशी ठेक्यावरून भांडण चालू होतं. दुपारपर्यंत सगळ्या गावाने ठरवलं की विष त्यांनीच टाकलं. त्या घराशी आमचं बोलणं तुटलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, तीही बोलायची बंद झाली.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरला माशांच्या श्वसनावर एक तास झाला. मरळ आणि मांगूर यांना कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय असते, पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी ते वर येऊन हवा घेतात, रोहू-कतलाला हे जमत नाही. मी लिहिता लिहिता थांबले. त्या दिवशी काठावर मरळ एकही नव्हती. मेली ती फक्त रोहू, कतला, मिरगल. त्याच आठवड्यात बाबांनी गळाला मरळ धरून आणली होती आणि आम्ही ती खाल्ली होती. मासे मरतील इतकं विष तलावात असतं तर मरळ कशी वाचली?

शोधप्रबंधाला विषय मिळाला. वनस्पतींनी भरलेल्या उथळ तलावात दिवसा उन्हामुळे ऑक्सिजन चढतो. रात्री तीच झाडं, तेच शेवाळ, मासे आणि तळचे जिवाणू सगळे मिळून तो वापरतात, आणि सूर्य उगवायच्या जरा आधी तो सर्वांत कमी असतो. लागोपाठ ढगाळ दिवस असले की दिवसाची भरच पुरी पडत नाही. हे पुस्तकात आहे. मला ते आमच्या तलावावर पाहायचं होतं, आणि त्यासाठी पहाटे पाचला काठावर असणं भाग होतं. विभागाची परवानगी दिवसाच्या सहलींची, बस दहाची.

इथे दोन माणसांनी मला तारलं. मार्गदर्शक मॅडमनी सही करून बारा बीओडी बाटल्या, म्हणजे ऑक्सिजन मोजायच्या घट्ट बुचाच्या काचेच्या बाटल्या, घरी न्यायला दिल्या. आणि प्रयोगशाळेतल्या काकांनी मँगेनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड छोट्या बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या लावून, हातमोज्यांसकट बांधून दिलं. हाताला लागलं तर काय करायचं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. ही विंकलरची रीत १८८८ पासूनची आहे. खेड्यात करता येते, कारण ऑक्सिजन काठावरच बांधून ठेवता येतो आणि आम्ल घालून मोजणी काही तासांनी प्रयोगशाळेत करता येते.

बाबा डोंगा वल्हवायचे, मी बाटली पाण्याखाली धरून एकही बुडबुडा न ठेवता भरायची. दोन्ही द्रावणं घातली की बाटलीत गाळ धरतो. ऑक्सिजन भरपूर असेल तर गडद तपकिरी, नसेल तर पांढरा. दुपारी भरलेल्या बाटल्या काथाच्या रंगाच्या व्हायच्या. आश्विनातल्या एका ढगाळ पहाटे, दाट बेशरमीच्या कोपऱ्यात भरलेली बाटली जवळजवळ पांढरी राहिली. बाबांनी ती कंदिलाजवळ धरून बराच वेळ पाहिली. मला समजावून सांगावं लागलं नाही.

मग बाटल्या सोसायटीच्या मासळीच्या थर्माकोल डब्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून साडेसातच्या एसटीने अडीच तासांवर कॉलेज. तिथे आम्ल, मग थायोसल्फेटने टायट्रेशन, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब. दोन महिन्यांत असे नऊ फेरे केले. पहाटेचे आकडे दुपारच्या निम्म्यालाही पोचत नव्हते, आणि बेशरमीच्या कोपऱ्यात तर त्याहून खाली.

सात वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचं मी सिद्ध केलेलं नाही, आणि प्रबंधात तसं लिहिलंही नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हेच विचारलं आणि मी हेच उत्तर दिलं. पण बाबांनी सोसायटीच्या सभेत स्वतः उभं राहून सांगितलं की त्या दिवशी मरळ जिवंत होती. सोसायटीने माघात तीन कोपऱ्यांतली बेशरम मुळासकट उपटून काढली. आणि यंदाच्या पोळ्याला टोलीवरच्या त्या घराची बैलजोडी आमच्या दारात आली. आईने बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली.

पाचपैकी साडेतीन तारे देते. दीड तारा वेळापत्रकाचा आणि अभ्यासक्रमात आमचे तलाव नसण्याचा कापला.

बाकीचं थोडक्यात. पुस्तकं इंग्रजी, शिकवणं मराठी-इंग्रजी मिसळून. पहिले तीन महिने जड जातात, मग संज्ञा अंगवळणी पडतात. खताने पाण्यात शेवाळ-झाडं बेसुमार वाढतात त्याला गावात बोलताना मी 'युट्रोफिकेशन' म्हणत नाही, 'पाणी माजलं' म्हणते. वसतिगृह ठीक, जेवण साधं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला जूनच्या आधीच काढून ठेवा. नोकरीचं आधीच सांगते, पदवी हातात पडली की काम दारात येत नाही. वर्गातले दोघे पाण्याच्या तपासणी प्रयोगशाळेत लागले, एक जण वन विभागाच्या कॅमेरा ट्रॅपच्या कामावर कंत्राटी आहे, मी नेटची, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची, तयारी करते आहे आणि सोबत सोसायटीचं काम बघते. घरून ताण असेल तर हे डोक्यात ठेवूनच प्रवेश घ्या.

कोणत्याही कॉलेजात प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. पाण्याची सहल किती वाजता निघते? शोधप्रबंधासाठी बाटल्या आणि रसायनं घरी नेऊ देतात का? आणि विषय स्वतःच्या गावाचा घेता येतो का? तिसऱ्याला 'नाही' म्हणाले तर दुसरं कॉलेज बघा. सहल दहाचीच असेल आणि बाटल्यांनाही 'नाही' म्हणाले तर प्रयोगशाळेतल्या काकांना भेटा.

त्या दोघी मुलींपैकी एकीच्या गावातही मामा तलाव आहे. तिला माझी वही आणि थर्माकोलचा डबा दोन्ही देते.