फ्रेंच लोकांना इंग्रजीत हरायला शिकवणारा डबा

हरणं, फसणं, तोंडघशी पडणं यांवरचे इंग्रजी वाक्प्रचार, आणि तेही खास फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी, असा कार्डांचा एक डबा सध्या माझ्या वर्गात फिरतोय. मी मूळचा कोल्हापूरचा, राहायला फ्रान्समधल्या तुलूझमध्ये. संध्याकाळी वस्तीतल्या एका संस्थेत मोठ्या माणसांचं इंग्रजी संभाषण घेतो. त्यातले बरेचजण विमान कारखान्यात कामाला आहेत. डबा छोट्या स्थानिक प्रकाशनाचा आहे. पुढे थोडी खरडपट्टी काढणार आहे, तेव्हा नाव राहू दे. किंमत इथल्या एका बऱ्या जेवणाएवढी. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी, मागे फ्रेंचमधला जवळचा वाक्प्रचार आणि दोन ओळी माहिती.

जोड्या लावण्यात या मंडळींची नजर चांगली आहे. ‘थ्रो इन द टॉवेल’च्या मागे ‘जते लेपाँज’, म्हणजे स्पंज फेकणे. दोन्ही बॉक्सिंगमधलेच. आपल्या गड्याचं आता काही खरं नाही असं दिसलं की कोपऱ्यातला माणूस हातातली वस्तू रिंगणात भिरकावून हार कबूल करायचा. इंग्रजही आधी स्पंजच फेकायचे, टॉवेल नंतर आला. फ्रेंचांनी स्पंज सोडलाच नाही. ‘बाइट द डस्ट’ आणि ‘मॉर्द्र ला पूसिएर’ तर शब्दाला शब्द जुळतात. धूळ आपणही चारतो म्हणा, पण खासबागेतल्या कुस्त्या बघत वाढलेल्या माणसाला त्यात एक गंमत दिसते: यांचा हरलेला गडी पालथा पडून माती खातो, आमचा उताणा पडून अस्मान बघतो.

सगळ्यात झकास कार्ड ‘मीट युअर वॉटर्लू’चं. नेपोलियनचा 18 जून 1815 चा शेवटचा पराभव, आताच्या बेल्जियममधला. इंग्रजांचा तो विजय, त्यामुळे कोणाचाही निर्णायक पराभव झाला की त्यांच्या तोंडी वॉटर्लू येतं. त्याच नावाच्या लंडनच्या स्टेशनात पॅरिसहून येणारी युरोस्टार 1994 पासून 2007 पर्यंत थांबायची, म्हणजे फ्रेंच पाहुण्यांचं स्वागत कुठे, तर वॉटर्लूला! कार्डाच्या मागे मात्र वॉटर्लू नाही, तिथे ‘से ला बेरेझिना’ आहे. सगळा बट्ट्याबोळ झाला की फ्रेंच माणूस हेच म्हणतो. बेरेझिना ही आताच्या बेलारूसमधली नदी. नोव्हेंबर 1812 मध्ये मॉस्कोहून माघारी येताना नेपोलियनच्या सैन्याने ती ओलांडली. जनरल एब्लेच्या माणसांनी गोठत्या पाण्यात उतरून पूल बांधले, नेपोलियन आणि लढतं सैन्य पार झालं, मागे राहिलेले हजारो मेले किंवा पकडले गेले. लष्करी हिशेबाने ती सुटकाच होती, पण भाषेने लक्षात ठेवली ती वाताहत. माझ्या वर्गात या एका कार्डावर अख्खा तास गेला. तुमच्यात काय म्हणतात, असं कोणीतरी विचारलंच. मग फळ्यावर 14 जानेवारी 1761 लिहून पानिपत सांगितलं. आता एक बाई गृहपाठ चुकला की ‘पानिपत!’ म्हणतात, ‘त’वर जोर देऊन.

पण जिथे खोदायला हवं होतं तिथे काही ठिकाणी नुसतं खरवडलंय. ‘ईट हंबल पाय’, म्हणजे चूक कबूल करून नाक घासणे. कार्ड म्हणतं, हंबल म्हणजे नम्र, म्हणून हा पाय (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ). संपलं. अहो, हरणाचं काळीज-आतडी घालून केलेल्या पायला ‘अंबल पाय’ म्हणत, ‘हंबल’चा श्लेष त्यावर नंतर चढला, आणि तो ‘अंबल’ शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधून आलेला! फ्रेंच विद्यार्थ्यांसाठीच्या डब्यात हेच गाळायचं?

‘वुडन स्पून’चंही तसंच. तुलूझ म्हणजे रग्बीचं वेड. फ्रान्स 2013 साली सिक्स नेशन्स या रग्बी स्पर्धेत शेवटचा आला, ती ‘क्युइयेर द ब्वा’, म्हणजे लाकडी चमचा, इथे अजून कोणी विसरलेलं नाही. कार्डावर ‘शेवटच्या क्रमांकाचं काल्पनिक बक्षीस’ एवढंच. पण केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेत तळाच्या माणसाला खराखुरा लाकडी चमचा मिळायचा. 1909 चा शेवटचा तर वल्ह्याएवढा होता, कारण पुढे गुणानुक्रमे यादी लावणंच बंद झालं. आपले रँग्लर परांजपे 1899 मध्ये याच यादीच्या वरच्या टोकाला होते, सीनियर रँग्लर म्हणजे पहिले. त्याच यादीचं दुसरं टोक म्हणजे हा चमचा.

आणि क्रिकेट! ‘नॉक फॉर सिक्स’, म्हणजे पार हादरवून टाकणे, याच्या कार्डावर चित्रकाराने गोल बॅट आणि हातात बेसबॉलचा ग्लोव्ह काढलाय. मी बॅट खोडून बाजूला पेनने चपटी काढून ठेवली, कारण माझ्या विद्यार्थ्यांनी क्रिकेट पाहिलेलं नाही आणि त्यांना हे चित्र खरंच वाटलं असतं.

खरी अडचण मात्र कामावर येते. कोणता वाक्प्रचार ब्रिटिश, कोणता अमेरिकन, कोणता वरिष्ठांसमोर चालेल, यातलं एकही कार्डावर नाही. ‘गो पेअर-शेप्ड’, म्हणजे बेत फसणे, हा ब्रिटिशांचा. माझ्या एका विद्यार्थ्याने तो अमेरिकन गिऱ्हाइकाशी फोनवर वापरला, तर समोरचा बराच वेळ गप्प. उलट ‘ईट क्रो’, म्हणजे चूक कबूल करावी लागणे, हा अमेरिकनांचा. ‘गो बेली अप’ बुडालेल्या कंपनीबद्दल मित्रांत ठीक, पण त्याच कंपनीच्या माणसाला लिहायच्या मेलमध्ये घालू नये. कोपऱ्यात छोटा झेंडा आणि एखादी खूण छापली असती तरी भागलं असतं.

पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकणाऱ्यांपैकी बी-वनच्या (मधल्या पातळीच्या) पुढे गेलेल्यांनी हा डबा उलट्या बाजूने वापरावा: इंग्रजी येतंच, मागचं फ्रेंच पाठ करायचं. ‘ला मायोनेझ न प्राँ पा’, म्हणजे बेत काही जमून न येणे, ‘प्राँद्र अँ रातो’, म्हणजे प्रेमात नकार मिळणे, असली रोजची भाषा पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. त्याखालच्यांनी पैसे घालवू नयेत. वर्ग घेणाऱ्यांनी जरूर घ्यावा. पाचपैकी साडेतीन.