सिंगल बकेट मिल्किंग मशीन: किती गायींना परवडतंय?

सिंगल बकेटचं, म्हणजे एका वेळी एकाच गायीची धार बादलीत काढणारं मिल्किंग मशीन घेऊन वर्ष होऊन गेलं, पावसाळा उन्हाळा सगळं बघून झालंय म्हणून सविस्तर लिहितोय. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले. गोठ्यात आठ एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गायी, पण त्यातल्या कुठल्या ना कुठल्या दोन कायम आटलेल्या, म्हणजे दूध बंद असलेल्या, धारेला सहाच. मशीनचा हिशोब करताना हा सहाचा आकडा धरा, आठचा नको. आटलेली गाय वैरण खातीच, पण मशीनला काम देत नाही.

मशीन काम चांगलं करतंय. हातानं धार काढायला एका गायीला आठ-दहा मिनिटं जायची, आता पाच-सहात होतंय. कास धुवून पुसली की गाय पान्हा सोडते आणि तो पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात दूध निघालं पाहिजे, हातानं काढताना शेवटी शेवटी हात भरून यायचा आणि तिथंच दूध मागं रहायचं. फक्त क्लस्टरच्या (सडांना लावायच्या चार कपांचा जोड) काचेसारख्या वाटीवर नजर ठेवा, धार बारीक झाली की आधी व्हॅक्यूम बंद करायचा आणि मग कप काढायचे. चालू व्हॅक्यूमवर ओढले तर सडाचं तोंड लाल होतंय आणि दगडीला (कासेच्या आजाराला) आमंत्रण. लावायच्या आधी पहिल्या दोन धारा वेगळ्या काढून गुठळ्या बघायच्या, शेवटी आयोडीनमध्ये सड बुडवायचे, हे मशीन आलं म्हणून सुटत नाही. आमची एक पहिलारू पल्सेटरच्या (कपातली ओढ चालू-बंद करणारा भाग) टकटकीला लाथ झाडायची, तिच्या शेजारी काही दिवस मशीन नुसतंच चालू ठेवलं, मग रुळली.

आता पैशाचं. मला ४५ हजाराला पडलं. आठ वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला साडेपाच हजाराच्या वर, त्यात लायनर (कपातलं रबर), पंपाचं ऑइल, लाईट, धुवायची पावडर धरून साधारण १० हजार. सहा गायी सरासरी दहा लिटरनं म्हणजे दिवसाला ६० लिटर, लिटरमागं ४५-४६ पैसे बसतात. हेच दोन गायीवाल्यानं घेतलं तर लिटरला १ रुपया ३५ पैशाच्या वर जातंय! २०२४ ला सरकारनं लिटरला ५ रुपये अनुदान दिलं होतं, त्यातला चौथा हिस्सा नुसत्या मशीननं खाल्ला म्हणा. आणि धुणं? गार पाणी, मग पावडरचं गरम पाणी, परत साधं पाणी, सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं, गायी दोन असोत नाहीतर दहा, तेवढाच वेळ. दोन गायींची धार वहिनी त्या वेळात हातानं काढून मोकळ्या होतील. म्हणून माझं स्पष्ट मत, धारेला पाचच्या खाली गायी असतील तर घेऊ नका, त्या पैशात मुरघास (हिरवा चारा हवाबंद मुरवून) करून ठेवा.

कारण दुधाच्या खर्चात निम्म्याच्या वर वैरण आणि पेंडच असते, मशीन फक्त मजुरी वाचवतंय. आमच्याकडं गडी मिळत नाही ही खरी अडचण होती. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ ला डेअरी काढली, तेव्हापासून कृष्णाकाठाला दूधधंदा मुरलाय, पण घरचीच माणसं आणि घरचाच मका यावर तीन-चार गायीवाला टिकतोय. तो मोठ्या गोठ्याची बरोबरी मशिनरीत करायला गेला की हप्त्यात अडकतोय, हे गावात डोळ्यानं बघतोय.

दुकानाच्या सर्व्हिसवर मात्र नाराज आहे. फिटरनं गेज न बघताच रेग्युलेटर बसवला, व्हॅक्यूम जास्त होता, गायी पाय नाचवायला लागल्या तेव्हा कळलं. फोन केला तर आज येतो उद्या येतो. शेवटी शेजारच्या गावातल्या दादांनी येऊन ५० केपीएच्या (व्हॅक्यूम मोजायचं माप) खाली आणून दिला.

मशीनला पाचात चार, सर्व्हिसला दोन. घेणार असाल तर लायनरचा एक सेट जादाचा त्याच दिवशी बिलात घालून घ्या, सहा महिन्यांनी रबर ढिलं पडतंय आणि त्या मापाचं पटकन मिळत नाही. लाईट जाते तिथं इन्व्हर्टरवर मोटर ओढते का ते दुकानातच चालवून बघा.