अर्धवट सोडलेली जीप घ्यायची: महिंद्रा की जिप्सी?

रनिंग जीपचे भाव ऐकून मागे फिरलेली मंडळी हमखास कुणाच्या तरी मांगरात (बागेतल्या खोपटात) खोलून पडलेल्या गाडीकडे वळतात. मालकाने हौसेने घेतलेली असते, दोन सीझन पैसे घातलेले असतात, मग घराचं काम निघतं किंवा मुलीचं लग्न ठरतं आणि गाडी चिऱ्यांवर उभी राहते ती राहतेच. अशा गाड्यांत आपल्या कोकण किनारपट्टीवर फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात: महिंद्राची एमएम ५४० (किंवा तिच्या आधीच्या सीजे) आणि मारुतीची जिप्सी. बागेच्या कामाला हवी असेल तर माझं मत महिंद्राला. पण लगेच इसार देऊ नका, कारण काही बाबतीत मी उलटही सांगणार आहे.

दोघींची ओळख थोडक्यात. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, आणि ५४० ही त्याच घराण्यातली. जुन्या ५४० मध्ये बहुतेक वेळा प्यूजोचं एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं डिझेल इंजिन दिसेल. जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली, ९७० सीसी पेट्रोल इंजिन घेऊन. १९९६ ला १२९८ सीसीची 'किंग' आली आणि २००० साली तिला कार्ब्युरेटरऐवजी एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं फ्युएल इंजेक्शन) मिळालं. जिप्सी हलकी, साधारण हजार किलोची. महिंद्रा तिच्यापेक्षा जड आणि ठोकळेबाज. दोघींनाही पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, त्यामुळे रिकाम्या गाडीत कंबर कुणाची वाचते यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

चासी

विकणारा तुम्हाला आधी इंजिनाबद्दल सांगेल. 'रिंगा नव्या घातल्यात, हाफ सेल्फला उठते.' ऐकून घ्या आणि गाडीखाली शिरा. इंजिन बाहेर काढून कोल्हापूरला उद्यमनगरात बोअर करून आणता येतं, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) अशी नेता येत नाही. खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत पहिला बळी चासीचा आणि पत्र्याचाच जातो. इथे दोघींत मोठा फरक आहे.

जुन्या महिंद्राच्या चासीचा बराच भाग उघड्या चॅनेलचा आहे. गंज लागतोच, पण डोळ्यांना दिसतो, तारेच्या ब्रशने खरवडता येतो, आणि रेड ऑक्साईड सगळीकडे पोचतं. जिप्सीची चासी बंद पेटीची. वरून रंग टणटणीत आणि आतून पापुद्रे, असं तिच्यात सहज होतं. त्यात आधीच्या मालकाने गाडी पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूत) फिरवली असेल तर वाळू आणि खारं पाणी त्या पेटीत वर्षानुवर्षं बसून राहतं.

लहान हातोडी आणि जाड स्क्रू ड्रायव्हर बरोबर न्या. मागच्या पाट्याचा शॅकल (पाटा चासीला जोडणारी कडी) चासीला जिथे बसतो तिथपासून सुरुवात करा, मग मागचं आडवं क्रॉस मेंबर, मग बॉडीचे रबर जिथे बसतात ते कान. निरोगी लोखंड खणखणतं. सडलेलं भदभद वाजतं आणि ठोक्याबरोबर तांबडी भुकटी तुमच्या तोंडावर पडते, म्हणून चष्मा घाला. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं, तर तेवढा भाग कापून नवा जोडावा लागणार. खालून नुकताच चकचकीत काळा रंग मारलेली गाडी असेल तर मी दुप्पट ठोकून बघतो. मालकाला राग आला तर येऊ द्या.

हाच निकष लावून मी म्हणेन की जिप्सी घ्यायची तर घाटावरची घ्या. कोल्हापूर, सातारा, सांगलीकडे उभी राहिलेली जिप्सी आणि मालवण-वेंगुर्ल्यात उभी राहिलेली जिप्सी एकाच वर्षाची असली तरी एक नाही. महिंद्रा किनाऱ्यावरची असली तरी, ठोकून पास झाली, तर घ्यायला हरकत नाही.

पत्रा

महिंद्राचा पत्रा सपाट. चांगला डेंटर जुना पत्रा कापून तिथल्या तिथे नवा वाकवून बसवतो, आणि पुरा टबही (बॉडीचा खालचा सांगाडा-पत्रा) तयार मिळतो. जिप्सीचे दरवाजे, काचेची चौकट, चाकावरच्या कमानी प्रेसमधून निघालेल्या आहेत. दरवाज्याचा खालचा काठ सडला तर पट्टी मारून भागतं, पण चौकट सडली की चांगली चौकट शोधत फिरावं लागतं. लांबी (पत्र्यावर थापायचा भराव, पुट्टी) थापून गुळगुळीत केलेल्या जिप्सीवर लोहचुंबक फिरवा. चिकटत नाही तिथे पत्रा नाही.

वेळेचं गणित दोघींना सारखंच. पत्र्याचं काम दिवाळीनंतर उघडा आणि रंग शिमग्याच्या आत उरका. त्यानंतर हवा दमट होत जाते, आणि पावसात मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक धरते. शिवाय शिमग्याला आणि गणपतीत मेस्त्री भेटत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

इंजिन आणि वायरिंग

महिंद्राचं जुनं डिझेल मेकॅनिकल पंपावर चालतं. हीटर तापला, सेल्फ फिरला, डिझेल पोचलं की इंजिन उठतं. वायरिंग कुणी अर्धं तोडून ठेवलं असलं तरी गावातला इलेक्ट्रिशियन दिवे, हॉर्न, डायनामो नव्याने ओढून देतो. धूर आणि आवाज भरपूर, पण गूढ काही नाही. कार्ब्युरेटरची जिप्सी मधल्या दर्जाची: कार्ब्युरेटर चांगला साफ करणारा माणूस हाताशी असेल तर सोपी.

एमपीएफआय जिप्सी अर्धवट प्रोजेक्ट म्हणून घेताना मात्र दहादा विचार करा. तिच्यात ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आहे, सेन्सर आहेत, आणि आधीच्या मालकाने डॅशबोर्ड काढताना हारनेस (वायरींचा जुडगा) कापला असेल तर प्रत्येक वायर माग काढत जोडावी लागते. पूर्ण, चालू एमपीएफआय जिप्सी या दोघींत सगळ्यात आरामाची. कापलेल्या वायरिंगची सगळ्यात डोकेदुखीची. तिचं इंजिन मात्र एस्टीमच्या कुळातलं, त्यामुळे निव्वळ इंजिनाचे भाग ही अडचण नाही.

सुट्या भागांत महिंद्रा सरळ पुढे. कमांडर, मार्शल, बोलेरो या भावंडांमुळे तालुक्याच्या दुकानातही बरंच काही मिळतं, आणि वडापच्या गाड्या सांभाळलेल्या मेस्त्रीला ही जीप नवी नाही. जिप्सीचे सामान कोल्हापूर-पुण्याहून मागवावं लागतं, तोवर गाडी जॅकवर.

रानात कोण कशी

पाण्याने निसरडा झालेला जांभा, आणि वर वीस-बावीस किलोचे आंब्याचे क्रेट रचलेले. अशा उतारावर महिंद्रा लो-गिअरमध्ये क्लच-ॲक्सिलेटरला हात न लावता घसाघस उतरते. डिझेलचा खालचा दम हे तिचं खरं भांडवल. जिप्सीला त्याच ठिकाणी इंजिन थोडं फिरतं ठेवावं लागतं. उलट चिखलात आणि मऊ मातीत जिप्सी हलकी असल्याने रुतत नाही, आणि रुतली तरी चार माणसं ढकलून काढतात. रुतलेली महिंद्रा काढायला ट्रॅक्टर शोधा.

ब्रेकमध्ये जिप्सी बरी, पुढे डिस्क आहेत. बहुतेक जुन्या ५४० ना चारही ड्रम. पऱ्या (ओढा) ओलांडला की थोडं अंतर हलका ब्रेक दाबून ड्रम सुकवावे लागतात, नाहीतर पुढच्या वळणावर पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. आंबा किंवा फोंडा घाट नेहमी करणार असाल तर हा मुद्दा माझ्या मते पेट्रोलच्या खर्चापेक्षा मोठा. आणि हो, पेट्रोल: जिप्सी लिटरला दहा-बाराच्या वर फारशी जात नाही.

दोघींनाही कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावू नका. पुढच्या-मागच्या चाकांत फरक सोसणारी सोय यांत नाही. चाकं एकमेकांशी झगडतात आणि भार ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) येतो. पुळणीवर गाडी घालण्याचा विचार असेल तर तोही सोडा. गाडी भरतीत अडकते, पोलीस गुन्हा नोंदवतात, आणि आत शिरलेलं मीठ वरच्या चासीच्या प्रकरणात तुम्हाला पुन्हा भेटतं.

कागद

अर्धवट गाड्यांचं खरं मरण इथे असतं, आणि इथे दोघी सारख्याच धोक्याच्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष तपासून, पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण. केंद्राच्या नियमात १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांना ते १०,००० झालं. त्याहून लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे उशीर: मुदत संपल्यावर दर महिन्याला ५०० रुपये जादा. सहा वर्षं मांगरात पडलेल्या गाडीचे हेच ३६,००० होतात. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. भाव ठरवण्याआधी एमएच-०७ असो की एमएच-०८, आरटीओतून थकबाकीचा आकडा काढून घ्या आणि तो किमतीतून वजा करायला सांगा.

मग आरसी हातात घेऊन चासी नंबर गाडीवर वाचा. गंजाने पुसट झाला असेल तर खडू घासून वाचता येतो. कापून पुन्हा वेल्ड केलेली जागा दिसली तर निघा तिथून. इंजिन नंबरही जुळवा: प्रोजेक्टच्या गाडीत दुसरंच इंजिन बसवलेलं असणं महिंद्रात फार. कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी बदलण्यावर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये बोट ठेवलं आहे. त्यामुळे 'नंतर पास करून देतो' हे वाक्य ऐकून पैसे मोजू नका.

हरयाणातल्या मंडी डबवालीकडून येणाऱ्या सजवलेल्या जीप इथे खूप फिरतात. दिसायला झकास, पण त्यातली चासी कुठली, आरसी कुठली, हे एकमेकांना ओळखत असतात का ते पाहा. दिल्लीच्या गाड्या वेगळं प्रकरण. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आल्याने त्या स्वस्त मिळतात, पण तिथल्या आरटीओची एनओसी हातात नसेल तर ती स्वस्ताई उपयोगाची नाही. लष्कराच्या लिलावातली जिप्सी घेणार असाल तर लिलावाची मूळ कागदपत्रं विकणाऱ्याच्या नावापर्यंत सलग आहेत का ते बघा. मधला एक कागद गहाळ असला की नोंदणी अडते.

सामानाची पोती

शेवटी मालक पोती दाखवतो आणि म्हणतो, 'सगळं सामान आहे.' ती पोती जमिनीवर रिकामी करा. महिंद्रात पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केसचे लिव्हर आणि पुढच्या ॲक्सलचे शाफ्ट आहेत का हे आधी पाहा. पुष्कळ जीपचा पुढचा शाफ्ट ॲव्हरेजसाठी काढून ठेवला गेला आणि मग भंगारात गेला. जिप्सीत पुढच्या चाकांचे हब, ईसीयू आणि काचा शोधा. बोल्ट, क्लिपा, रबर नसले तरी चालेल, ते नवेच घ्यावे लागतात. पण पुढचा शाफ्ट किंवा हब जागेवर नसतील, तर टू-व्हील ड्राइव्ह गाडीचा भाव सांगा आणि त्याच्या वर चढू नका.