तिसरा रकाना: केंद्रीय अर्थसंकल्पाची कागदपत्रं, एका हिशेब लिहिणारीचा अभिप्राय

पाइपांच्या घाऊक दुकानात मी हिशेब लिहिते. पीव्हीसी, एचडीपीई, जीआय, त्यांना लागणारे एल्बो, कपलिंग, व्हॉल्व्ह, असा सगळा माल. दिवसभर टॅली उघडी असते. 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 ला 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं, आणि मधले दिवस उधारीच्या फोनांचे. अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकले ते परीक्षेपुरतं. तरी गेली काही वर्षं 1 फेब्रुवारीला टीव्ही बंद ठेवून मी इंडियाबजेट या सरकारी संकेतस्थळावरून कागद उतरवून घेते. हा अभिप्राय त्या कागदांविषयी आहे, सरकारविषयी नाही. उदाहरणं 2025-26 च्या संचातली, कारण तो मी सगळ्यात जास्त चाळलाय.

मिळतो फुकट. अर्थमंत्र्यांचं भाषण संपलं की थोड्याच वेळात सगळं चढलेलं असतं. मोबाईलसाठी ॲपही आहे. 2021 साली पहिल्यांदा कागदाविना अर्थसंकल्प मांडला गेला तेव्हा ते आलं. पण मोबाईलवर तक्ते वाचायच्या फंदात पडू नका. चार रकान्यांतला चौथा दिसेपर्यंत पहिला डावीकडे सरकून जातो, आणि आकडे शेजारी-शेजारी दिसले नाहीत तर वाचून उपयोग शून्य. संगणकावर बसा. बरेच तक्ते एक्सेलमध्येही मिळतात आणि आमच्यासारख्यांना तेच सोयीचं.

संचात बरंच काही असतं: भाषण, वित्त विधेयक, त्याचं स्पष्टीकरण देणारं मेमोरँडम, रिसीट बजेट, एक्स्पेंडिचर प्रोफाइल, खात्या-खात्यांच्या मागण्या. हे सगळं वाचायला गेलात तर मार्च उजाडेल. माझ्या मते घ्यायचं ते आधी ‘बजेट ॲट अ ग्लान्स’. पातळशी पुस्तिका आहे. सुरुवातीलाच रुपया कुठून येतो, कुठे जातो ते पैशांत सांगितलेलं. 2025-26 मध्ये येणाऱ्या रुपयातले 24 पैसे कर्जाचे, 22 प्राप्तिकराचे, 18 जीएसटी आणि तत्सम करांचे, 17 कंपनी कराचे. जाणाऱ्या रुपयातले 22 राज्यांच्या वाट्याचे आणि 20 व्याजाचे. आमच्या शेठना हे दाखवलं तर म्हणाले, “म्हणजे रुपयातले चार आणे उसने आणायचे आणि त्यातलेच बरेचसे व्याजाला द्यायचे? आपल्याला बँक उभं करणार नाही.” तुलना तितकी बरोबर नाही. दुकानाला कर बसवता येत नाही, सरकारला येतो. पण शेठना एका चित्रात जे कळलं ते मला तासभर बोलून सांगता आलं नसतं.

खरा माल मात्र पुढच्या तक्त्यांत आहे. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने: 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च, 2024-25 चा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित, म्हणजे वर्ष संपत आल्यावर दुरुस्त केलेला अंदाज, आणि 2025-26 चा नवा अंदाज. टीव्हीवर चर्चा होते ती चौथ्याची. मी आधी तिसरा बघते. दुकानात नाही का, “या महिन्यात पाच लाख देतो” हा शब्द वेगळा आणि महिनाअखेरीला खात्यात दिसतात ते वेगळे!

2024-25 भर आमच्याकडे गावोगावच्या पाणी योजनांची कामं घेणाऱ्या ठेकेदारांची उधारी चढत गेली. फोन केला की एकच उत्तर, “ताई, बिल अडकलंय, वरून पैसे सुटले की पहिले तुमचे.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की खातेवहीत शेरा म्हणून लिहायला लागले. फेब्रुवारीत मोठ्या योजनांचा तक्ता उघडला आणि जलजीवन मिशनच्या, म्हणजे गावोगावी नळाने पाणी देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या ओळीवर बोट ठेवलं. 2024-25 चा अंदाज 70,163 कोटी. शेजारी सुधारित अंदाज, 22,694 कोटी. मला वाटलं ओळ चुकली, म्हणून स्क्रीनला पट्टी लावून पुन्हा वाचलं. चुकली नव्हती. आमची उधारी याच कारणाने थकली असं मी म्हणणार नाही, कारण ठेकेदाराचं बिल अडकायला शंभर कारणं असतात आणि त्यातली काही ठेकेदारच तयार करतो. पण “वरून पैसे” म्हणजे नक्की कुठून आणि किती, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. त्याच दिवशीच्या भाषणात मिशनला 2028 पर्यंत मुदतवाढ आणि वाढीव एकूण तरतूद असं आहे, आणि नवा अंदाजही 67,000 कोटींचा आहे. आधीचं वर्ष किती आटलं ते मात्र तक्त्यातच सापडतं.

मग सवयच लागली. ग्रामीण घरकुलांची ओळ पाहा: 54,500 चे 32,426 कोटी झाले, आणि पुढच्या वर्षाला पुन्हा 54,832. रोजगार हमीची ओळ उलट प्रकारची: अंदाज 86,000, सुधारित 86,000, पुढच्या वर्षीही 86,000 कोटी. एकाच जागी उभी. एकूण भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-रेल्वे वगैरे, 11.11 लाख कोटींचा ठरला होता तो 10.18 वर आला, आणि 2025-26 साठी 11.21 लाख कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे खर्च भागवायला कर्ज काढावं लागतं ती रक्कम, जीडीपीच्या 4.8 टक्क्यांवरून 4.4 वर आणायचं ठरलं होतं. तूट आटोक्यात आली म्हणून पाठ थोपटून घेताना कुठल्या ओळी आकसल्या हेही याच पानांत वाचता येतं. लपवलेलं काही नाही. फक्त कोणी बोट ठेवून दाखवत नाही.

कराच्या बाजूला भाषणापेक्षा मेमोरँडम बरं, ते उदाहरण देऊन सांगतं. त्या आठवड्यात दुकानातल्या पोरांनी मला भंडावून सोडलं, “ताई, 12 लाखांपर्यंत टॅक्सच नाही ना?” त्यांच्यातल्या कोणाचा पगार 12 लाखांच्या जवळपासही नाही, पण उत्सुकता दांडगी. मी कागदावर मांडून दाखवलं. प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत 4 ते 8 लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000. 8 ते 12 वर 10 टक्के म्हणजे 40,000. झाले 60,000. कलम 87अ ची सूटही बरोब्बर 60,000. म्हणून शून्य. पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट, म्हणून त्याचा आकडा 12.75 लाख. शेअर विकून झालेल्या, वेगळ्या दराने कर लागणाऱ्या नफ्याला ही सूट लागू नाही, हे पोरांना आवडलं नाही.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. साबण, टीव्ही, पाइप स्वस्त होणार की महाग, हे या कागदांत शोधू नका. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते. इथे उरलं आहे ते मुख्यतः सीमाशुल्क आणि पेट्रोलसारख्या मोजक्या वस्तूंवरचं उत्पादन शुल्क. तरी “काय स्वस्त, काय महाग” ची पाटी दरवर्षी झळकतेच.

‘रिसीट बजेट’ कोरडं आहे, पण त्याच्या परिशिष्टात केंद्राच्या करांतला राज्यनिहाय वाटा मिळतो, आणि तेवढ्यासाठी ते उघडावं. हा वाटा सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या एकूण वाट्यातून महाराष्ट्राला दिलेला हिस्सा 6.317 टक्के, उत्तर प्रदेशाला 17.939. कर आपण जास्त भरतो मग वाटा कमी का, हा वाद चहाच्या टपरीवर रंगतो. सूत्रात लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि सगळ्यात जास्त वजन दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला आहे, हे कळलं की निदान वाद कशावर घालायचा ते कळतं. मला जास्त खटकलं ते दुसरंच. केंद्राच्या करांतले राज्यांना 41 टक्के, असं सगळे म्हणतात. मी कॅल्क्युलेटर घेतला: एकूण कर 42.70 लाख कोटी, राज्यांचा वाटा 14.22 लाख कोटी. उत्तर आलं 33 टक्के. दोनदा केलं, तेच. उपकर आणि अधिभार (करावर लावलेले जादा कर) वाटपाच्या रकमेत धरतच नाहीत, मुख्य फरक तिथे पडतो. पगाराच्या टीडीएसवर मी जो 4 टक्के आरोग्य-शिक्षण उपकर लावते, त्यातलं काही या वाट्यातून राज्याकडे येत नाही, हे इतकी वर्षं कापूनही मला माहीत नव्हतं.

तक्रार एकच. सगळा संच हिंदी आणि इंग्रजीत. हिंदी इतकी संस्कृतप्रचुर की ‘राजस्व प्राप्तियां’ वाचून इंग्रजी बरी वाटते. मराठीत निदान ती पातळ पुस्तिका असती, तर ग्रामपंचायतीच्या सदस्यानेही जलजीवनच्या ओळीवर बोट ठेवलं असतं.

जुने संचही संकेतस्थळावर आहेत, पार स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांच्या 26 नोव्हेंबर 1947 च्या भाषणापर्यंत. तेव्हा खर्च 197.39 कोटी, महसूल 171.15 कोटी. एका रविवारी गंमत म्हणून वाचत बसले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

शेठना मी तो मोठ्या योजनांचा तक्ता छापून दिला. चष्मा कपाळावर चढवून चौथा रकाना वाचला आणि म्हणाले, “67 हजार कोटी आलेत की! एचडीपीईचा माल भरून ठेवू या.”

म्हटलं, “शेठ, तिसरा रकाना पुढच्या फेब्रुवारीत येईल.”

“तोवर?”

“तोवर ठेकेदारांना रोखीने.”