पाचपैकी चार: गंजगोलाईजवळची बिनपाटीची खानावळ

आधी कामाचं. थाळी 100 रुपये. त्यात ज्वारीच्या 2 भाकरी, एक सुकी भाजी, येसर आमटी नाहीतर वरण, भात, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या भाकरीचे 15 वेगळे. दुपारी साडेअकरा ते अडीच, रात्री साडेसात ते दहा. लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकाच्या आतल्या गल्लीत भांड्यांच्या दुकानांमागं ही खानावळ आहे. दारावर पाटी नाही. 'मावशीची खानावळ' विचारा, कुणीही सांगेल. टेबलं 6, त्यातलं भिंतीकडचं शेवटचं माझं. म्हणजे मालकीचं नाही, पण दुपारी 12 वाजून 10 मिनिटांनी मी तिथं येतो हे सगळ्यांना माहीत आहे.

मी मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे. वय 37. तीन वर्षांपूर्वी मला ऑटिझम, म्हणजे इतरांशी संवादाची आणि जग जाणवण्याची जन्मजात वेगळी घडण, असल्याचं निदान झालं. आधी ते भाच्याचं झालं होतं. बहीण त्याला घेऊन संभाजीनगरला तपासणीला गेली, तिथले प्रश्न ऐकत बसली आणि घरी येऊन आईला म्हणाली, "अगं, हे तर सगळं दादाचंच चाललंय." जेवणाबद्दल कोण लिहितंय ते वाचणाऱ्याला कळलेलं बरं, म्हणून सांगितलं. चवीचं काय, ती तुम्हाला कुणीही सांगेल. मला या खानावळीचं कौतुक आहे ते इथं कुणाच्या मनातलं ओळखावं लागत नाही याचं.

पंगतीतला 'नको' मला अजून समजलेला नाही. पहिला नको म्हणजे वाढा. दुसरा नको म्हणजे थोडं वाढा. तिसरा, ताटावर आडवा हात धरून केलेला, म्हणजे बहुतेक खरंच नको, पण तिथंही वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतो आणि सगळी पंगत हसते. माझा नको पहिल्यापासून नकोच असतो, म्हणून सोयऱ्यांत मी शिष्ट ठरलोय. आणि दुसऱ्याचा पहिला नको मी खरा धरतो, म्हणून आमच्या घरी माझ्या हातून वाढलं गेलं की पाहुणे अर्धपोटी उठतात. आईनं मला वाढायला उभं करायचं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली.

मावशीकडं वाटी पालथी घातली की बास. उताणी असली की आमटी येत राहते. चटणीची वाटी ताटाबाहेर काढून ठेवली की भाकरी येते. संपलं. कुणी "घ्या हो, लाजू नका" म्हणत नाही.

ही पद्धत काही माझ्यासाठी निघालेली नाही. डाळ मिलला येणारे कर्नाटक-तेलंगणातले ट्रक ड्रायव्हर इथं जेवतात. त्यांना मराठी येत नाही, मावशीला कन्नड आणि तेलुगू येत नाही. सुरुवातीला त्यांनी भात मागितला की आमटी जायची, बास म्हणाले की भाकरी पडायची. मग तिनंच ही वाट्यांची भाषा काढली. आता तिथं ड्रायव्हरला मन कळत नाही असं कुणी म्हणत नाही. त्याला मराठी येत नाही तसं मावशीला कन्नड येत नाही, अडचण दोघांची आहे, हे शेंबड्या पोरालाही दिसतं. माझ्या बाबतीत मात्र अडचण माझ्या एकट्याची धरली जाते.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकानं 2012 मध्ये हाच मुद्दा मांडला. तो स्वतः ऑटिस्टिक आहे. त्याचं म्हणणं असं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन जितकं अवघड जातं, तितकंच इतरांना त्याचं जातं; फक्त एकाच बाजूची नोंद 'दोष' म्हणून होते. मग 2020 मध्ये एक प्रयोग आला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून कानगोष्टींसारखी एक गोष्ट पुढं पाठवायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत पोचली, जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत पोचली. गळती जास्त झाली ती दोन्ही प्रकारची माणसं एकत्र असलेल्या साखळीत. आमच्या आडतीवर तोंडी निरोप अडतात ते याच सांध्यावर. मालक म्हणतात "बघ जरा ते", आणि मी बघतो. करायचं होतं, हे संध्याकाळी कळतं.

जुनी परीक्षा वेगळी होती. 1985 मध्ये लंडनमध्ये मुलांना दोन बाहुल्या दाखवल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, ॲन ती काढून डब्यात टाकते. सॅली परत आल्यावर गोटी कुठं शोधेल? 20 ऑटिस्टिक मुलांपैकी 16 जणांनी डबा दाखवला, म्हणजे स्वतःला माहीत होतं तेच सॅलीलाही माहीत धरलं. तिथून 'यांना दुसऱ्याचं मन उमगत नाही' हे वाक्य जे चिकटलं ते निघता निघत नाही. मी आज हा प्रश्न बरोबर सोडवतो. यात विशेष काही नाही, रोकडवहीसारखं आहे: कुणाला काय माहीत आहे ते एका बाजूला, खरं काय ते दुसऱ्या बाजूला. पण 2009 च्या एका अभ्यासात अशाच लपवालपवीचा प्रसंग दाखवून डोळ्यांची हालचाल टिपली. विचारलं तर बरोबर उत्तर देणाऱ्या ऑटिस्टिक प्रौढांची नजर, कुणी न विचारता, समोरचा माणूस चुकून जिथं शोधेल त्या जागेकडं आपसूक आधी जात नव्हती. हे मला लगेच पटलं. मावशीचा वाढपी पोरगा गिऱ्हाइकानं मान वळवायच्या आत पाण्याचा जग घेऊन पोचलेला असतो. त्याच्या जागी मी असतो तर विचारल्यावर पाणी नक्की दिलं असतं. विचारल्यावर.

आता तारे. 'जेवण कसं वाटलं?' हा प्रश्न मला सॅलीपेक्षा अवघड जातो. चव आवडली का हे मला आतून चटकन कळत नाही. मग मी पुरावे काढतो. गेले 14 महिने सुट्ट्या सोडून रोज इथं येतोय. ताटात भाकरी टाकून उठलो नाही. लसूण-तिखटाचा भुरका असतो त्या दिवशी तिसरी भाकरी घेतो. यावरून हा माणूस इथलं जेवण आवडीनं खातो असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या कुणाबद्दल अंदाज बांधावा तसाच मी माझ्याबद्दल बांधतो.

केंब्रिजच्या संशोधकांनी 2010 मध्ये ऑटिस्टिक आणि ऑटिस्टिक नसलेल्या पुरुषांना स्कॅनरमध्ये झोपवून काही प्रश्न स्वतःबद्दल विचारले आणि काही इंग्लंडच्या राणीबद्दल. कपाळामागं, मेंदूच्या पुढच्या बाजूला खाली मधोमध एक भाग आहे. ऑटिस्टिक नसलेल्यांचा तो भाग स्वतःच्या प्रश्नांना जास्त जागा व्हायचा. ऑटिस्टिक गटात मी आणि राणी सारखेच. अर्थात ही गटांची सरासरी आहे, प्रत्येकाचं तसंच असतं असं नाही. पण तेव्हापासून मावशीनं "मुनीमजी, आज भुरका जमलाय का?" विचारलं की मला आधी राणी आठवते.

मिठाची गोष्टही सांगितली पाहिजे. गेल्या पावसाळ्यात सलग तीन दिवस आमटी खारट होती. बुधवारी मी म्हणालो, "मावशी, सोमवारपासून मीठ जास्त पडतंय. मोजायची वाटी बदलली का?" समोर बसणाऱ्या शाळामास्तरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय मागं घेतला. मावशी म्हणाली, "वाटी तीच हाय. ध्यान नव्हतं," आणि आत गेली. मास्तरांनी बाहेर सांगितलं की तिचा भाऊ रविवारी वारला. तिचे डोळे सुजलेले मी तिन्ही दिवस पाहिले होते. मला कांदा वाटला होता.

परत आत गेलो. अशा वेळी काय बोलतात ती वाक्यं मला पाठ आहेत, पण ती माझ्या तोंडून भाड्यानं आणल्यासारखी निघतात. म्हणून तिची उधारीची वही मागितली आणि बसून सगळे हिशेब केले. तीन नावं दोनदा लागली होती, एकाचे 400 कमी धरले होते. ती शेजारी बसून गहू निवडत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाकीचे 'लई भारी हाय मावशी' म्हणतेत अन् अर्धं ताट टाकून जातेत. तुमी खरं सांगताव."

त्यानंतर दोन दिवस माझ्या पोटात जळजळत होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी बहिणीला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "दादा, तुला वाईट वाटतंय." तपासून पाहिलं. बरोबर होतं. स्वतःची भावना ओळखून तिला नाव देता न येण्याला अलेक्सिथायमिया म्हणतात. ते ऑटिझम नसलेल्यांतही असतं आणि प्रत्येक ऑटिस्टिक माणसात नसतं. 2010 च्याच एका अभ्यासात दुसऱ्याची वेदना पाहून मेंदूतली हालचाल कमी दिसली तिचा संबंध या अलेक्सिथायमियाशी लागला, ऑटिझमशी नाही. हे डॉक्टरांनी मला निदानाच्या वेळीच सांगितलं असतं तर गोळ्यांचे पैसे वाचले असते.

एक तारा कापला तो असा. अर्धा उष्ट्या ताटांसाठी: वाढपी पोरगा ती दुरून टोपात आदळतो आणि तो आवाज माझ्या दाढांत जातो. सांगितलं की चार दिवस हळू ठेवतो, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. उरलेला अर्धा रविवारसाठी. रविवारी गल्ल्यावर मावशीचा मुलगा बसतो आणि त्याला चेष्टेची हौस आहे. "काय मुनीमजी, नवा शर्ट! पोरगी बघायला निघालाव का?" मी सांगितलं की नाही, रोजचा वाळला नाही. तो हसला, सगळे हसले, मग मीही हसलो. मी नेमका कशाला हसलो ते विचारू नका.

वेळ अमावस्येला बंद. त्या दिवशी अर्धं लातूर भज्जी-आंबील खायला शेतात गेलेलं असतं, तेव्हा दुसरीकडंही फार काही मिळेल अशी आशा ठेवू नका. मोबाइलवरून पैसे चालतात, पण गल्ल्यावरचा स्पीकर "शंभर रुपये जमा झाले" असं सगळ्यांदेखत ओरडतो. मी रोख देतो, सुटे.