टायटॅनिक बघायचाय, पण कुठला?

टायटॅनिक म्हटलं की आपल्याला जेम्स कॅमेरॉनचा १९९७ चा सिनेमाच आठवतो. जॅक, रोझ, ११ ऑस्कर, सव्वातीन तास. पण त्याच्या ३९ वर्षं आधी इंग्लंडमध्ये रॉय वॉर्ड बेकरने 'अ नाइट टु रिमेंबर' काढला होता. कृष्णधवल, दोन तासांचा, आणि प्रेमकथेचा पत्ता नाही. एका संध्याकाळी दोन्ही होणं शक्य नाही. मला विचाराल तर १९५८ चा लावा.

कॅमेरॉनच्या सिनेमात हिमनग आदळायला दीड तासाहून जास्त वेळ जातो. तोवर आपण दोन माणसांत गुंतलेले असतो आणि पुढे बोट बुडताना आपला जीव त्या दोघांसाठीच टांगणीला लागतो. बेकर अर्ध्या तासातच धडक उरकतो. त्यानंतर कुणा एकाची गोष्ट उरतच नाही. केनेथ मोरने साकारलेला सेकंड ऑफिसर लाइटोलर जास्त वेळ दिसतो एवढंच. बाकी पडदा खलाशी, वाढपी, वायरलेसवाले, वरच्या वर्गातले शेठ आणि तळातले आयरिश प्रवासी वाटून घेतात.

आणि हा सिनेमा चुका कशा साठत जातात ते दाखवतो. वायरलेसवाला फिलिप्स प्रवाशांच्या खासगी तारा पाठवण्यात गर्क असतो आणि बर्फाचा इशारा कागदांखाली दबून जातो. जवळच 'कॅलिफोर्नियन' नावाची बोट उभी असते. तिचा एकुलता एक वायरलेस ऑपरेटर ड्यूटी संपवून झोपलेला. तिच्या डेकवरून अधिकारी टायटॅनिकने मदतीसाठी सोडलेली रॉकेट्स आकाशात फुटताना बघतात, आपसात बोलतात आणि काहीच करत नाहीत. इकडे ५८ मैलांवरून 'कार्पेथिया' ही बोट मदतीला जिवाच्या आकांताने निघते आणि पोचते पहाटे चारच्या सुमाराला. टायटॅनिक २ वाजून २० मिनिटांनीच गेलेली. बघताना अक्षरशः हात चोळत बसावं लागतं. थिएटरात आलेल्या कॅमेरॉनच्या सिनेमात कॅलिफोर्नियन नाहीच. माझ्या मते १५ एप्रिल १९१२ च्या त्या रात्रीतला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग तिथे गळून पडला.

एक प्रसंग तर खास आहे. खालच्या वर्गातले काही प्रवासी अडवलेले रस्ते ओलांडून वर येतात आणि पहिल्या वर्गाच्या जेवणघरात शिरतात. माणूस नाही काणूस नाही, टेबलं मात्र मांडलेली. जीव वाचवायला पळणारी ही माणसं तिथे क्षणभर थबकून बघतच राहतात. नंतर कलत्या बोटीत एक ट्रॉली आपली आपण घरंगळू लागते. पार्श्वसंगीताची गरजच भासत नाही.

आता उणी बाजू. बोट लहान प्रतिकृतीची आहे हे काही शॉट्समध्ये सरळ कळतं. सुरुवातीला शॅम्पेनची बाटली फोडून नामकरण दाखवलंय. टायटॅनिकच्या मालक कंपनीत, व्हाइट स्टार लाइनमध्ये, ती प्रथाच नव्हती. लाइटोलरच्या खात्यावर इतरांची बरीच कामं जमा केली आहेत. शिवाय इथे बोट अखंड बुडते. टायटॅनिकवरून वाचलेला अधिकारी बॉक्सहॉल स्वतः सल्लागार होता, तरीही! दोन तुकडे झाल्याची खात्री १९८५ मध्ये अवशेष सापडल्यावरच पटली.

तिथे कॅमेरॉनला तोड नाही. मेक्सिकोत रोसारितोला त्याने जवळपास पूर्ण आकाराची बोट उभारली. ती उभी होते, मोडते, माणसं रेलिंगवरून कोसळतात, ते सगळं आजही थरकाप उडवतं. मोठा पडदा, चांगला आवाज आणि रडायची तयारी असेल तर खुशाल तोच बघा. इतिहास म्हणून मात्र जरा बेतानं. फर्स्ट ऑफिसर मर्डोक स्वतःवर गोळी झाडतो असं त्यात दाखवलंय, त्याला पक्का पुरावा नाही. स्टुडिओला स्कॉटलंडमधल्या त्याच्या गावाची, डालबीटीची, माफी मागावी लागली. आणि आजी-आजोबा, मुलं सगळे एकत्र बसणार असाल तर रिमोट हाताशी ठेवा, जॅक रोझचं विवस्त्र चित्र काढतो तो प्रसंग येतोच.

१९५३ चाही एक 'टायटॅनिक' आहे, बार्बरा स्टॅनविकचा. पटकथेला ऑस्कर मिळालं खरं, पण ते नवरा-बायकोचं भांडण आहे, बोट नुसती मागचा पडदा. सोडून दिलात तरी चालेल.

दोन्ही बघायचे ठरलेच, तर आधी १९५८ चा. कॅमेरॉनच्या गर्दीत पलंगावर एकमेकांना बिलगून पडलेलं म्हातारं जोडपं दिसतं, ते टायटॅनिकवरचे खरे प्रवासी, स्ट्रॉस पतिपत्नी. बोटीच्या शेपटाकडे जॅक-रोझच्या शेजारी दारू पिणारा तो माणूस म्हणजे बोटीवरचा बेकरीवाला जॉकिन. तो खरोखरच वाचला होता. बेकरच्या सिनेमात ही मंडळी आधी भेटलेली असली, की कॅमेरॉनच्या गर्दीतही चटकन ओळखू येतात.