ई-मायग्रेट: परदेशी नोकरीचा एजंट पडताळून पाहताना

खानापूर तालुक्यातील आमच्या गावातून गोव्याला कामाला जाणे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. बँकॉकची भाषा मात्र अलीकडची. बेळगावातील एका एजंटाने माझ्या भाच्याला डेटा एन्ट्रीची नोकरी, राहणे-जेवण फुकट आणि भरपूर पगार असे सांगितले, तेव्हा आक्काने कागद माझ्याकडे पाठवले आणि परराष्ट्र मंत्रालयाचे ई-मायग्रेट हे संकेतस्थळ मी पहिल्यांदा नीट वापरले.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी येथे कोणालाही विनामूल्य पाहता येते. एजंटाच्या कार्डावर परवाना क्रमांक ठळक छापलेला होता. त्यावरच आक्काचा विश्वास बसला होता. तो क्रमांक शोधला, तर मुंबईच्या एका भलत्याच कंपनीचे नाव समोर आले. क्रमांकाच्या मधल्या अक्षरांवरून परवाना कोणत्या शहरातला आहे हे कळते, आणि आमच्या कार्डावरही ती मुंबईचीच अक्षरे होती. आम्ही ती वाचलीच नव्हती. परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच घेता येते. आमच्याकडे दीड लाख मागितले होते, तेही रोख, आणि व्हिसा पर्यटकाचा. 'तिथे गेल्यावर बदलून देतो,' असे उत्तर मिळाले होते.

या सेवेची मर्यादाही सांगितली पाहिजे. गावात फिरणारा माणूस बहुधा एजंटाचाही एजंट असतो आणि त्याचे नाव यादीत सापडत नाही. शिवाय प्रस्थानापूर्वीची सरकारी मंजुरी १८ देशांसाठीच आणि तीही मुख्यतः दहावी न झालेल्यांना लागते. त्या १८ देशांत थायलंड आहे, कंबोडिया आणि म्यानमार नाहीत. भाचा बी.कॉम. झालेला, त्यामुळे त्याला या टप्प्यावर अडवणारे कोणीच नव्हते. शिकलेली, इंग्रजी येणारी, संगणक चालवणारी मुलेच म्यानमार-कंबोडियातील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांना, म्हणजे नोकरीच्या आमिषाने नेलेल्यांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवून घेणाऱ्या ठिकाणांना, हवी असतात, हे लक्षात घेतले तर ही फट फार मोठी आहे.

मुलगा एकदा सीमेपलीकडे गेला की आपल्या पोलिसांना तेथे जाऊन तपास करण्याचा अधिकार उरत नाही. पोलीस ठाण्याची विनंती राज्य पोलिसांमार्फत सीबीआयकडे जाते, कारण इंटरपोल या देशोदेशींच्या पोलिसांना जोडणाऱ्या संघटनेचा भारतातील दुवा सीबीआय आहे, आणि तेथून १९६ सदस्य देशांपैकी संबंधित देशाकडे. हा पत्रव्यवहार लवकर व्हावा म्हणून जानेवारी २०२५ मध्ये भारतपोल हे पोर्टल सुरू झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण असे अनेक अड्डे असलेल्या, म्यानमारच्या थायलंड सीमेवरील म्यावाडी परिसरात सशस्त्र गटांचा अंमल असल्यामुळे तेथील सरकारचे पोलीसही सहज पोचत नाहीत. मार्च २०२५ मध्ये अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना थायलंडमधील मे सॉटहून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले, तेही दोन्ही देशांतील भारतीय दूतावासांनी स्थानिक अधिकाऱ्यांबरोबर खटपट केल्यावर.

म्हणून पासपोर्ट आणि पैसे हातातून जाण्याआधीच ही पडताळणी करावी, असे मी आग्रहाने सांगतो. ई-मायग्रेटला पाचपैकी चार गुण मी देतो. उरलेला एक त्या १८ देशांच्या यादीमुळे राखून ठेवला आहे. शोध कसा घ्यायचा, ते मराठीत एका कागदावर लिहून मी गावच्या वाचनालयात लावले आहे, आणि भाच्याचा पासपोर्ट सध्या आक्काच्या कपाटात आहे.